हे वचन नेमकं कुणाला? बायबल वाचताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जय ख्रिस्त! घरसभेत, महिला मंडळात आणि रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात चहा घेताना फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून ठेवतेय. मी पाळक नाही, सेमिनरीत शिकलेली नाही, संडे स्कूल आणि बायबल स्टडी घेत आलेय एवढंच. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, ज्यावरून घराघरांत भांडणं होतात तिथे जास्त लिहिलंय, बाकीचं दोन ओळींत उरकलंय. बायबल जवळ घेऊन बसा आणि दिलेले संदर्भ स्वतः उघडून बघा (२९:११ म्हणजे २९ वा अध्याय, ११ वी ओवी), मी म्हणते म्हणून मानू नका.

डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन देवाने दिलं असं समजायचं, हे चालतं का?

देव कशातूनही बोलू शकतो, त्याला आपण कोण अडवणार. पण ही सवय लागली की वाचन बंद होतं आणि नुसती सोडत उरते. आणि गंमत बघा, विलापगीत निघालं की माणसं गुपचूप मिटून परत उघडतात, स्तोत्र येईपर्यंत! म्हणजे काय ऐकायचं ते आपण आधीच ठरवून बसलेलो असतो.

३१ डिसेंबरच्या रात्री चर्चमध्ये वर्षाचं वचन मिळतं. मला यिर्मया २९:११ आलं. ते माझ्यासाठी आहे ना?

हे कार्ड आपल्याकडे किती घरांत फ्रीजवर चिकटवलेलं असतं! ट्रेमधून उचलायचं, लाइटखाली नेऊन वाचायचं, मग शेजारच्या बाकावर "तुला काय आलं?" विचारायचं. प्रथा छान आहे, मला स्वतःला आवडते, फक्त कार्डावर एकच ओळ मावते हा प्रॉब्लेम आहे.

"तुमच्याविषयीचे संकल्प मला ठाऊक आहेत, ते हिताचे आहेत" अशा अर्थाची ती ओळ एका पत्रातली आहे. यरुशलेममधून धरून बाबेलला नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने ते पत्र लिहिलं. त्याच्या आधीचा २८ वा अध्याय वाचा, तिथे हनन्या नावाचा एक संदेष्टा लोकांना सांगतोय की दोन वर्षांत सगळे परत येणार, बाबेलच्या राजाचं जू मोडणार. लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मया म्हणतो नाही, सत्तर वर्षं लागतील (२९:१०). म्हणजे पत्र हातात घेऊन वाचणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांनी परतीचा दिवस बघितलाच नसणार. मग तोवर करायचं काय? २९:५ ते ७ मध्ये लिहिलंय, घरं बांधा, मळे लावा, पोरांची लग्नं करा आणि ज्या परक्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

आता सांगा, हे वचन "यंदा प्रमोशन नक्की" असं कसं वाचायचं? ते तुमच्यासाठी आहेच, पण त्या बंदिवानांच्या हातून तुमच्याकडे आलंय. देव आपल्या लोकांना विसरत नाही हे त्यातून तुम्ही बिनधास्त घ्या. तारीख आणि पॅकेज घेऊ नका. आणि कुणाचं वर्ष वाईट गेलं तर "विश्वास कमी पडला" असं त्याला तर अजिबात म्हणू नका, कारण हनन्याची दोन वर्षंवाली भविष्यवाणी ऐकायला जास्त विश्वासाची वाटत होती आणि खोटी तीच निघाली.

सगळे म्हणतात संदर्भ बघा, संदर्भ बघा. म्हणजे नक्की काय करायचं?

निदान अख्खा अध्याय वाचा, पत्र असेल तर अख्खं पत्र. अध्यायांचे आणि ओव्यांचे आकडे मूळ लिखाणात नव्हतेच. अध्याय पाडले तेराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या स्टीफन लँगटनने, आणि नव्या कराराला आज आहेत ते ओव्यांचे आकडे दिले रॉबर्ट एतिएन नावाच्या फ्रेंच छापखानेवाल्याने १५५१ मध्ये. मंडळ्यांना पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने "फिलिप्पैकरांस ४:१३" असं काही लिहिलं नव्हतं, त्याने तुरुंगातून एक सलग पत्र लिहिलं आणि त्यात आधी म्हणाला की उपाशी राहायलाही शिकलोय आणि पोटभर खायलाही, मग म्हणाला की मला सामर्थ्य देणाऱ्याच्या जोरावर मी सगळं करू शकतो. दहावीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री ते वचन वहीवर लिहायला हरकत नाही, पण नापास झाल्यावरही ते तितकंच खरं असतं, किंबहुना पौलाचा मुद्दा तोच आहे.

मग तीन गोष्टी विचारा: हे कोण बोलतंय, कुणाला बोलतंय आणि कशा प्रकारचं लिखाण आहे. कविता आहे, नीतिसूत्र आहे, कायदा आहे, का कुणाच्या घरगुती भांडणाची हकिगत आहे. नीतिसूत्रे २२:६, मुलाला योग्य वळण लावा म्हणजे तो म्हातारपणीही सोडणार नाही, हे अनुभवाचं बोल आहे, गॅरंटी कार्ड नाही. पोरगं वाया गेलं म्हणून रडणाऱ्या आईला ही ओळ ऐकवणारे लोक मला बघवत नाहीत.

"कोण बोलतंय" याचं एक मस्त उदाहरण म्हणजे ईयोब ८:७. "तुझा आरंभ अल्प असला तरी शेवटी तुझा फार उत्कर्ष होईल" या अर्थाचं ते वचन दुकानाच्या उद्घाटनाला, नव्या चर्चच्या बॅनरवर सगळीकडे शोभून दिसतं. पण बोलतोय बिल्दद, ईयोबाचा मित्र. आणि तीनच ओव्या आधी हाच बिल्दद दहा लेकरं गमावलेल्या बापाला सांगतोय की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल म्हणून मेली. शेवटी ४२:७ मध्ये देव स्वतः म्हणतो की या मित्रांनी माझ्याविषयी बरोबर बोललेलं नाही. बॅनर काढा असं म्हणत नाही, पण बायबलमध्ये छापलंय म्हणून प्रत्येक वाक्य देवाचं वचन असं नसतं, सैतानानेही मत्तय ४:६ मध्ये स्तोत्र ९१ बरोबर पाठ म्हणून दाखवलंय.

जुन्या करारातले नियम आपल्याला आहेत का? टॅटू, डुकराचं मटण वगैरे?

खाण्यापिण्याचे नियम नव्या करारात सुटले, मार्क ७:१९ आणि प्रेषितांची कृत्ये १० वाचा, पेत्रालाही ते पचायला वेळ लागला. यज्ञ आणि मंदिराचे विधी ख्रिस्तात पूर्ण झाले असं इब्री लोकांस पत्र सांगतं. पण म्हणून जुना करार नुसता ठेवणीतला झाला असं नाही.

टॅटूवाली ओळ लेवीय १९:२८. तरुण पोरांच्या हातावर काही दिसलं की ही ओळ लगेच निघते. ठीक आहे, मग तोच अध्याय वरून वाचू. १९:९, शेताच्या कडा कापू नका, गरिबांसाठी सोडा. १९:१३, मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नका. १९:१८, शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करा, जी आज्ञा येशूने सगळ्यात मोठ्या दोन आज्ञांत धरली. आमच्याकडे टॅटूवर भाषण ठोकणाऱ्या एका काकांना मी विचारलं की तुमच्याकडे भांडी घासायला येतात त्या मावशींचा पगार एक तारखेला होतो का, तर ते म्हणाले विषय बदलू नकोस. विषय बदललाच नव्हता, अध्याय तोच होता.

मला विचाराल तर कुठलंही वचन बरोबर लावतोय का हे ओळखायची सोपी खूण हीच आहे. ते लावल्यावर खर्च कुणाला येतो? दर वेळी सुनेला, पोरांना, गरिबाला येत असेल आणि आपल्याला कधीच येत नसेल तर थांबा आणि परत वाचा.

शेजारच्या काकू सत्यनारायणाचा शिरा आणून देतात, ऑफिसात गणपतीचे मोदक वाटतात. खायचं का नाही?

आपल्याकडचा नंबर एकचा प्रश्न, आणि नशीब म्हणजे यावर पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात ८ ते १० असे तीन अध्याय लिहिलेत, कारण करिंथ शहरात बाजारातलं बरंचसं मांस देवळातून आलेलं असायचं. लोक मात्र त्यातली आपल्याला हवी तेवढी अर्धी ओळ उचलतात, खाणारे ८:४ उचलतात (मूर्ती काहीच नाही) आणि न खाणारे १०:२१ (प्रभूच्या मेजाचे आणि भुतांच्या मेजाचे भागीदार होता येत नाही).

तिन्ही अध्याय एका बैठकीत वाचले की पौल वेगवेगळ्या प्रसंगांना वेगवेगळं उत्तर देतोय हे दिसतं. देवळातल्या पूजेच्या पंगतीत भक्त म्हणून बसणं, नाही. बाजारात विकायला आलंय, चौकशी न करता घ्या (१०:२५). विश्वास न ठेवणाऱ्याने घरी जेवायला बोलावलं आणि जायची इच्छा आहे, जा आणि वाढलेलं खा (१०:२७). पण तिथे कुणी मुद्दाम सांगितलं की हे अर्पण केलेलं आहे, तर त्या सांगणाऱ्यासाठी, त्याच्या विवेकासाठी खाऊ नका (१०:२८). म्हणजे कढईत काय आहे यापेक्षा समोर कोण आहे याकडे त्याचं लक्ष जास्त.

आता आपली अडचण अशी की आपल्याला शिरा कुठून आला ते न सांगताही माहीत असतं. यावर प्रामाणिक ख्रिस्ती माणसं दोन्हीकडे आहेत आणि मी कुणावर डोळे वटारणार नाही. ज्याचं मन खात नाही त्याने खाऊ नये, "काकू, मी हे घेत नाही, पण तुम्ही आठवणीने आणलंत ते फार छान वाटलं" एवढं हसून बोलायला पैसे पडत नाहीत, वाटीला हात न लावता तोंड वाकडं करणं म्हणजे साक्ष नव्हे. नुकताच विश्वासात आलेला कुणी बरोबर असेल, ज्याला ती चव थेट जुन्या पूजेकडे नेते, तर त्याच्यासाठी तुम्ही सोडा, पौल तर ८:१३ मध्ये म्हणतो की भावाला अडखळण होणार असेल तर मी मांस कधीच खाणार नाही.

फक्त "दुर्बळ भाऊ" हे पात्र कोण ते नीट बघा. ज्याचा विश्वास खरंच ढासळेल असा तो माणूस आहे. मंडळीत तीस वर्षं मुरलेले, कमिटीवर बसलेले आणि तुम्ही मोदक खाल्ला म्हणून चिडलेले भाऊसाहेब हे दुर्बळ भाऊ नाहीत, ते नुसते चिडलेत.

विश्वास असेल तर डॉक्टरकडे कशाला? गोळ्या बंद करू का?

गोळ्या बंद करू नका. शुगर, बीपी, फिट्स, टीबी, डिप्रेशन, कशाच्याच नाही, डॉक्टरने सांगितल्याशिवाय नाही. हे आधी लिहिते कारण यात माणसं दगावतात.

बायबलमध्ये प्रार्थना आणि औषध यांचं भांडण कुठेच नाहीये. हिज्कीया राजाने रडून प्रार्थना केली, देवाने पंधरा वर्षं वाढवून दिली, आणि त्याच प्रसंगात यशयाने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला (दुसरे राजे २०:७). याकोब ५:१४ मध्ये मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवा, तेल लावून प्रार्थना करा असं आहे, ते जरूर करा, पाळकांना हॉस्पिटलमध्ये बोलवा. पौलाबरोबर लूक होता ज्याला तो प्रिय वैद्य म्हणतो. पौलाच्या हातून कितीतरी लोक बरे झाले, तरी त्याने त्रफिमाला मिलेतात आजारी सोडलं (दुसरे तीमथ्य ४:२०) आणि तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. त्रफिमाचा विश्वास कमी पडला असं पौलाने म्हटलंय का? एक शब्द नाही.

नवरा मारतो. सासरचे आणि पाळक म्हणतात इफिसकरांस ५:२२, पतीच्या अधीन राहा, सहन कर.

ताई, मार खाणं ही देवाची आज्ञा नाही. आधी सुरक्षित जागी जा, माहेर, मैत्रीण, कुठेही. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीचं असेल तर ११२. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा ख्रिस्ती बाईलाही तितकाच लागू आहे आणि त्यात संरक्षणाचा आणि राहत्या घराचा आदेश मिळू शकतो, त्यासाठी घटस्फोट घ्यावा लागत नाही.

आता वचनाचं. २२ व्या ओवीच्या आधी २१ वी आहे, एकमेकांच्या अधीन असा. नंतर २५ वी आहे, पतींनो, ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी बायकोवर प्रीती करा. २९ वीत म्हटलंय की कुणी स्वतःच्या देहाचा द्वेष करत नाही, तो त्याला पोसतो आणि जपतो. नवऱ्यांना दिलेल्या ओळी जास्त आहेत, मोजून बघा. पहिले पेत्र ३:७ तर नवऱ्यांना सांगतं की बायकोला मान द्या, नाहीतर तुमच्या प्रार्थना अडतील. ज्या पाळकांनी तुम्हाला २२ वी ऐकवली त्यांनी नवऱ्याला बसवून या ऐकवल्या का हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे, आणि नसेल विचारवत तर मंडळीतल्या दुसऱ्या कुणाला घेऊन जा.

पास्टरना प्रश्न विचारला तर म्हणतात "अभिषिक्ताला हात लावू नका" आणि "दोष काढू नका".

पहिली ओळ स्तोत्र १०५:१५ ची, आणि तिला जोडून पहिले शमुवेल २४ सांगतात, जिथे दावीद गुहेत शौलाला, म्हणजे देवाच्या अभिषिक्त राजाला, मारत नाही. मारत नाही! पण लगेच गुहेबाहेर येऊन सगळ्या सैन्यासमोर मोठ्याने विचारतो की तू माझ्या जिवावर का उठलास, परमेश्वर तुझामाझा न्याय करो. पुढे हाच दावीद राजा झाला तेव्हा नाथान संदेष्ट्याने त्याचं पाप दाखवत तोंडावर सांगितलं की तो माणूस तूच आहेस. पौलाने पेत्राला सगळ्यांदेखत अडवलं (गलती २:११). बिरुयाचे लोक पौलाचं बोलणंच रोज शास्त्र उघडून तपासत होते आणि लूक त्यांचं कौतुक करतो (कृत्ये १७:११). हिशोब मागणं म्हणजे हात लावणं नव्हे. दुसरी ओळ मत्तय ७:१ ची, तो अध्याय पण पुढे वाचा, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढून मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायचं आहे, तसंच ठेवायचं नाहीये, आणि १५ व्या ओवीत खोट्या संदेष्ट्यांपासून जपा असंही आहे.

दशमांश (कमाईचा दहावा हिस्सा) दिला नाही तर शाप लागतो का? मलाखी ३ मध्ये तसं आहे.

मलाखी ३:१० च्या आधी ३:५ आहे, तिथे देव मजुराची मजुरी अडवणाऱ्यांवर, विधवा, अनाथ आणि परक्यावर जुलूम करणाऱ्यांवर साक्ष द्यायला येतोय. २:१ मध्ये तर सरळ याजकांनाच झापलंय. आणि अनुवाद १४:२८-२९ मध्ये दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून गावातच ठेवायचाय. तर द्या, मनापासून द्या, मी पण देते, पण दुसरे करिंथ ९:७ प्रमाणे जबरदस्तीने नको. कर्ज काढून "बीज पेरा" सांगणाऱ्याला मलाखीची पहिली दोन पानंही वाचून दाखवायला सांगा.

६६६ म्हणजे आधार कार्ड का? कोरोनाच्या लसीत चिप होती म्हणतात.

नाही आणि नाही. ६६६ हा आकडा ज्यात आहे ते प्रकटीकरण, बायबलचं शेवटचं पुस्तक, हे आजच्या तुर्कस्तानातल्या सात मंडळ्यांना, इफिस, स्मुर्णा, पर्गम वगैरे, लिहिलेलं आहे, रोमन सत्तेखाली जगणाऱ्या माणसांना. त्यांना त्यातून धीर मिळाला असणार, आधार कार्डाचा इशारा त्यांच्या काय उपयोगाचा? १३ व्या अध्यायात श्वापदाची खूण आणि हा आकडा आहे तशी १४:१ मध्ये कोकऱ्याचं, म्हणजे ख्रिस्ताचं, नाव कपाळावर असलेली माणसंही आहेत, त्यासाठी मात्र कुणी चिप शोधत नाही! अमेरिकेत विल्यम मिलरच्या हिशोबावरून हजारो लोक २२ ऑक्टोबर १८४४ ला प्रभूची वाट बघत बसले आणि दुसऱ्या दिवशी सकाळ झाली. मार्क १३:३२ सांगतं की तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही. यूट्यूबवाल्या भाऊंना कसा ठाऊक?

मार्क १६ च्या शेवटच्या ओव्या काही बायबलांत कंसात का असतात?

कारण सगळ्यात जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत, सिनाईटिकस आणि व्हॅटिकानसमध्ये, १६:९ ते २० नाहीत. घाबरण्यासारखं काही नाही, छापणारे प्रामाणिक आहेत एवढाच अर्थ. पण साप उचलण्याची ओळ याच भागात आहे, आणि तिच्यावरून अमेरिकेतल्या काही चर्चमध्ये साप हाताळून माणसं मेलीत, तेव्हा कंस दिसला की तिथे थांबा.

कॅथलिक बायबल वेगळं आहे का?

नवा करार तोच. जुन्या करारात त्यांच्याकडे सात पुस्तकं जास्त, म्हणून त्यांची ७३ आणि प्रोटेस्टंटांची ६६. वसईच्या पाहुण्यांकडे गेलात तर त्यातलं मक्काबी उघडून वाचा, येशूच्या आधीच्या काळात काय चाललं होतं ते छान कळतं.

दोन चांगली, प्रार्थना करणारी माणसं एकाच वचनाचा वेगळा अर्थ काढतात. मग खरं कोणाचं?

कधी कधी या जन्मात कळत नाही. बाप्तिस्मा बाळाला द्यायचा का कळत्या वयात, यावर शतकानुशतकं वाद आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा त्यात बाळांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकनही आले आणि कळत्या वयात देणारे बॅप्टिस्टही, आणि दोन्ही पद्धती एकाच चर्चमध्ये ठेवल्या. वाद मिटला नाही, तरी प्रभुभोजनाला एकत्र आले. सगळ्याच गोष्टींत असं करता येत नाही, ख्रिस्त उठला का नाही यावर दोन्ही चालेल म्हणता येणार नाही. पण रोमकरांस १४ मध्ये जेवण आणि सणवार यांसाठी पौलाने जागा सोडलीये.

बायबलमध्ये गुलामगिरी आहे, मग ते चांगलं कसं? कॉलेजमधल्या पोरांचा प्रश्न.

प्रश्न रास्त आहे, उडवून लावू नका. "दासांनो, धन्याचं ऐका" (इफिस ६:५) हे वचन मळेवाल्यांनी पिढ्यानपिढ्या वापरलं. १८०७ मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी एक खास बायबल छापलं होतं आणि त्यातून मिसरातून सुटका होण्याची निर्गमातली गोष्ट वगळली होती. गलती ३:२८, दास नाही आणि स्वतंत्र नाही, तेही नाही. इफिस ६:५ मात्र होतं. म्हणजे अख्खं बायबल गुलामाच्या हातात पडलं तर काय होईल हे त्यांना चांगलंच कळत होतं. आणि पुढे गुलामगिरीविरुद्ध उभे राहिलेलेही याच पुस्तकातून बोलले.

आपण मात्र लांबच्या गोऱ्यांना नावं ठेवून मोकळं व्हायला नको. आपल्या मंडळ्यांत गलती ३:२८ वर संदेश होतो आणि स्थळ बघताना "मूळचे कोण?" हा प्रश्न पण होतो.

आमच्या घरसभेत कुणी फार शिकलेलं नाही. अभ्यास कसा सुरू करू?

कृत्ये ८:३० मध्ये रथात बसून यशया वाचणाऱ्या कूशी अधिकाऱ्याला फिलिप्पाने विचारलं, कळतंय का? तो म्हणाला, कुणी सांगितल्याशिवाय कसं कळणार? एवढा मोठा अधिकारी असून लाजला नाही, मग आपण कशाला लाजायचं. दोन भाषांतरं ठेवा, एक नेहमीचं जुनं आणि एक सोप्या मराठीतलं, मोबाइल ॲपवर फुकट मिळतात. वयस्कर, बाया, शाळेतली पोरं सगळ्यांना वाचायला द्या. पहिला अर्धा तास "मला काय वाटतं" बोलायचंच नाही, फक्त पानावर काय लिहिलंय तेवढंच.

सुरुवातीला प्रकटीकरण नको, लोक मागतील तरी नको. फिलेमोन घ्या, एकच अध्याय आहे, २५ ओव्या. पळून गेलेल्या अनेसिम नावाच्या दासाला पौल परत पाठवतोय, धन्याला, म्हणजे फिलेमोनला, सांगतोय की त्याला दास म्हणून नको, प्रिय बंधू म्हणून घे, आणि काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड. वाचून झालं की विचारा की फिलेमोनच्या जागी तुम्ही असता तर संध्याकाळी घरच्या बाकी चाकरांना काय सांगितलं असतं. आमच्याकडे यावर दीड तास चर्चा चालली, चहा दोनदा गरम करावा लागला.